कुणीच न आखलेलं गाव

"एक खिरणवाडी द्या."

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन हातात धरून आत्तीकडे पाहिलं, मग तिच्यामागे धापा टाकत पोचलेल्या माझ्याकडे.

"आज्जी, असं गाव नाही या रूटला."

"हाय की. घाट चडला की पयलंच."

"मशीनमध्येच येत नाही, आज्जी."

"तुज्या मिशनीत नसंल," आत्ती म्हणाली, "पर गाव हाय."

आणि दांडी धरून ती एसटीची पायरी चढायला लागली. मी तिचा दंड धरला. खिडक्यांमधून माणसं वाकून बघत होती. कंडक्टर भला होता. घंटी न देता तो तसाच थांबून राहिला.

"आत्ती, चल ना घरी."

"घरीच निगालीया," ती म्हणाली.

अनुआत्ती ही माझ्या वडलांची थोरली बहीण. सत्तरीची, काटक, पायांनी खणखणीत. वर्षभरापासून तिला नावं आठवेनाशी झाली होती. मला कधी वैजू म्हणायची, कधी भलत्याच कुणाच्या नावानं हाक मारायची. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, हे आता वाढतच जाणार. आणि अलीकडे घरात जरा कुणाची नजर चुकली की ती निघायची ती थेट हायवेवरच्या फाट्यावर, खिरणवाडीचं तिकीट मागायला.

खिरणवाडी आमचं गाव. मी ते पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सहा-सात वर्षांचे होते आणि आत्ती पंधराची. निम्मं गाव घाटाखाली कोकणात पाठवलं आणि निम्मं इकडे, कालव्याच्या कडेला, उघड्या माळावर. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी माझी आजी तापानं गेली. अण्णांना आत्तीनंच वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, पण नवरा फार जगला नाही. ती भावाकडे परत आली ती कायमची.

आमची वसाहत सरकारनं पट्टी लावून आखलेली. सरळ रस्ते, काटकोनात कोपरे, सगळे प्लॉट एका मापाचे. मला लहानपणी ते छान वाटायचं, चौकटीच्या वहीसारखं. आत्तीला कधीच वाटलं नाही. "हितं हुबं ऱ्हायलं की समद्या बाजूनं पार शेवटापातुर दिसतंय," ती एकदा म्हणाली होती. "मग वळायचं कुटं, ते माणसाला कसं कळायचं?"

त्या दिवशी तिला घेऊन घरी आले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. कधी आवाज चढवणार नाहीत. त्यांनी आत्तीच्या पायांतल्या चपला काढल्या, आईनं तिला पाणी दिलं, आणि ती आत जाऊन निजल्यावर अण्णा म्हणाले, "दोन दिवस सुट्टीवर आलीस, त्यात तुलाही पळवलं तिनं."

"अण्णा, मी तिला खिरणवाडी दाखवली तर?"

"बुडालेली? ती कशी?" ते म्हणाले.

मी तेव्हा पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होते. ते पोटासाठी. जीव रमायचा तो दुसऱ्याच कामात. कॉम्प्युटरला दोन-तीन साधे नियम सांगायचे. शेजारी फार जवळ आला तर सरक, फार लांब गेला तर जवळ जा, सगळे वळले तर तूही वळ. आणि हजारो ठिपक्यांना ते एकदम पाळायला लावायचे. पडद्यावर पाखरांचा थवा उठायचा, वळायचा, फुटायचा, पुन्हा एक व्हायचा. अण्णांना एकदा दाखवलं होतं.

"म्हणजे हे चित्र तू काढत नाहीस?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही. मी नुसते नियम सांगते."

"मग काढतंय कोण?"

मी थवा पुन्हा पहिल्यापासून चालू केला होता.

आता तर डोळ्यांवर बांधायचा चष्मा निघाला होता. तो लावला की पडद्यासमोर बसायचं नाही, त्या जागेत उतरूनच फिरायचं. मान वळवली की मागचं दिसायचं, खाली वाकलं की जमीन जवळ यायची. मी अण्णांना ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको."

"का?"

"तिला ते खरं वाटंल. मग तू चष्मा काढशील. एकदा बुडालं तेवढं पुरे झालं, वैजू. दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांदेखत बुडवू नको."

मी विषय सोडला. पण डोक्यातून जाईना. आत्तीला नाही दाखवायचं तर नाही, मला तरी बघायचं होतं. संध्याकाळी मी वसाहतीतल्या देवळापुढे जाऊन म्हाताऱ्या माणसांना गोळा केलं, हातात खडू दिला आणि म्हटलं, फरशीवर गाव काढा.

पाच मिनिटांत भांडण लागलं.

"भैरोबाचं देऊळ वड्याच्या अल्याड."

"पल्याड! रोज घंटा मी बडवत हुतो का तू?"

"आणि ही आमची आळी कुटं निऊन ठेवली रं?"

एकानं काढायचं, दुसऱ्यानं पायानं पुसायचं. वसाहतीत सगळ्यांत वडील धोंडीतात्या, नव्वदीला टेकलेले. गाव सुटलं तेव्हा ते तिशी गाठलेले, बायकापोरांचे गृहस्थ होते, त्यामुळे आपलंच खरं असं त्यांचं म्हणणं. अण्णा मला न्यायला आले आणि तेही त्यात ओढले गेले.

"आमचं घर तुमच्या गोठ्याला लागून होतं, तात्या. एवढं मला आठवतंय," अण्णा म्हणाले.

"आरं खुळ्या, गोठ्याला लागून घर बांदीलच कोण? तुज्या छपराच्या पागोळ्या माज्या भितीवर पडतील. पडू दील का माजा बा?"

आणि एकाएकी सगळे गप्प झाले. मग एक जण मान हलवत म्हणाला, "व्हय. ते मातुर बराबर." दुसऱ्यानंही मान हलवली. अण्णासुद्धा म्हणाले, "हां, तसं नसणार."

तासाभरात पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी जमलं होतं. मी खडू खाली ठेवला.

"तात्या, दार कुठं ठेवायचं?"

"दुसऱ्याच्या दाराम्होरं न्हाय. दारात दार आलं की रोज तोंडाला तोंड."

"आणि वाट? केवढी सोडायची?"

"गवताचा भारा घिऊन बाई निगाली आन म्होरनं म्हस आली, तर दोघींनी बी जावं येवडी."

सगळे हसले. पण कुणी नाही म्हणालं नाही.

"आणि भाऊ वेगळा निघाला तर? त्याचं घर?"

यावर तात्यांनी जरा विचार केला. "हाक मारली तर ऐकू गेली पायजे," ते म्हणाले. "कुजबूज ऐकू जाऊ न्हाय."

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. अंगण कुणीकडे, जोतं केवढं, चढावर घर बांधलं तर वरच्यानं खालच्याला काय सोडायचं. कुठं काय होतं यावर त्यांचं एकदाही जमलं नव्हतं. कसं बांधायचं यावर मात्र एकाचंही दुमत नव्हतं.

पुण्याला परत आल्यावर मी ते सगळं लिहून काढलं, कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत. जमीन तेवढी खरी घेतली. धरणाआधीच्या सर्व्हेच्या नकाशात त्या खोऱ्याच्या उंचीच्या रेघा होत्या, त्यांवरून चढ-उतार उभे केले. पागोळ्यांचं पाणी कुठं जातं हे कळायला पाऊस लागणार, म्हणून पाऊस टाकला. पाण्याला एकच गोष्ट सांगितली: जिकडे खोल, तिकडे जा. घर, देऊळ, गल्ली यांपैकी एकही रेघ मी स्वतः काढली नाही.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. घरं एकमेकांवर चढायची, नाहीतर भांडल्यासारखी लांब पळायची. मग एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसले आणि पुन्हा चालू केलं.

मोकळ्या उतारावर एक घर उभं राहिलं. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरं. तिसऱ्यानं जागा शोधली, पागोळी बघितली, अंग चोरून बाजूला झालं. दार फिरवलं. चौथं, पाचवं. मग ती भराभर यायला लागली आणि त्यांच्या मधून, काहीच सांगितलेलं नसताना, एक वाट निघाली. उतारावरून खाली आली, एका घराला वळसा घातला, दोन घरांमध्ये अरुंद झाली, पुन्हा मोकळी झाली. दुसरी वाट वरून येऊन तिला मिळाली. आणि जिथं तीन वाटा एकत्र आल्या तिथं एक जागा रिकामी राहिली. प्रत्येक घरानं आपापल्यापुरतं थोडं सोडलेलं, ते सगळं मिळून तिथं एक चौक झाला होता. मी चौक सांगितला नव्हता. चौक हा शब्दच माझ्या लिहिण्यात कुठं नव्हता.

मी पुसून पुन्हा चालू केलं. वेगळं गाव झालं. वाटा वेगळ्या, घरं वेगळी. पण पुन्हा कुठं तरी तशीच एक मोकळी जागा. पुन्हा पुसलं, पुन्हा झालं. कपातल्या चहावर साय धरली होती. मी खुर्चीत पाय वर घेऊन, देवळात बसावं तशी बसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांचा फोन आला. आत्ती कालव्याच्या कडेला घसरली होती. मेंढ्या चारणाऱ्या एका माणसानं हाताला धरून वर काढली म्हणून वाचली. डॉक्टरांनी बजावलं की तिला कोंडून ठेवा. अण्णांनी तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली.

"आतून दार वाजवत असती दिवसभर," अण्णा म्हणाले. "ओरडत नाही, शिव्या देत नाही. नुसती वाजवती. कुणाच्या तरी घरी गेल्यासारखी."

मग म्हणाले, "घेऊन ये तुझा तो चष्मा."

वसाहतीतलं समाजमंदिर म्हणजे एक लांबलचक हॉल. तिथं मी सकाळीच सगळं मांडलं. आत्तीला चष्म्यातून जे दिसेल तेच भिंतीवर मोठं दिसेल असा प्रोजेक्टर लावला. चष्म्याची वायर पायात येऊ नये म्हणून ती हातात धरून मी तिच्या मागे चालणार होते. हॉलभर ती खरीखुरी चालू शकणार होती. त्याहून लांब जायचं तर त्यासाठीचं बटण माझ्याकडे होतं. धोंडीतात्या आले, आणखी चार-दोन माणसं आली. अण्णा भिंतीशी उभे राहिले. त्यांनी हाताची घडी इतकी घट्ट घातली होती की बोटं पांढरी दिसत होती.

मी आत्तीच्या डोळ्यांवर चष्मा बांधला.

ती हलली नाही. भिंतीवर गावाची कडा दिसत होती, उतार, पहिली घरं. मग तिनं एक पाऊल टाकलं, चाचपत. दुसरं टाकलं. दोन घरांमधली अरुंद वाट आली तशी ती हॉलच्या मधोमध अंगानं तिरकी झाली, अंग चोरून पुढे सरकली. कुणाच्या तरी ओसरीचं छप्पर खाली आलेलं होतं, तिथं ती वाकली. मोकळ्या हॉलमध्ये एक म्हातारी वाकून, पदर सावरून, कशाच्या तरी खालून गेली आणि पलीकडे जाऊन पुन्हा ताठ झाली. तात्यांनी तोंडावर हात ठेवला होता.

ती चौकात पोचली आणि थांबली. चारी बाजूंनी मान फिरवून बघत राहिली.

"कुनाचं गाव गं ह्ये?" तिनं विचारलं.

अण्णा घाईघाईनं पुढे झाले. "आपलंच, आक्का. खिरणवाडी."

"गप रं, किसन्या." तिचा आवाज इतका स्वच्छ मी वर्षभरात ऐकला नव्हता. "खिरणवाडी बुडाली. ह्या डोळ्यांनी बगितलीया मी. तू ल्हान हुतास, गाडीत निजला हुतास."

अण्णा तिच्यासमोर येऊन थांबले.

"तुला ठाऊक आहे?" ते म्हणाले. "मग रोज फाट्यावर कशाला जातेस गं?"

"गाव बुडालं म्हून मानसं बुडाली व्हय?" आत्ती म्हणाली. "निम्मी तिकडं धाडली, निम्मी हिकडं. आपल्याला ह्या पट्ट्यापट्ट्यांच्या माळावर टाकलं. पर त्येंनी कुटं तरी बांदलं आसंलच की नीट. हौसा हुती, तिचा बा गवंडी हुता. ती गप बसनारी मानसं न्हवती. त्येच तर हुडकतीया."

मग तिनं हात पुढे केला आणि हवेतल्या एका भिंतीवरून फिरवला.

"ह्ये बगा. पागोळी आपल्याच अंगनात पडतीया. दारासमूर दार न्हाय." ती हसली. "आपलं गाव न्हवं ह्ये. पर आपल्याच मानसांनी बांदलंय."

वर्षभर आम्ही सगळे तिला जी गोष्ट कळत नाही असं समजत होतो, ती तिला आमच्यापेक्षा स्वच्छ कळत होती. ती मागं जात नव्हतीच. ती पुढं कुठं तरी असलेल्या गावाला निघाली होती. आणि त्या म्हाताऱ्या माणसांनी एका संध्याकाळी भांडता भांडता जे माझ्या हातात दिलं होतं, ते तिनं, नावंही न आठवणाऱ्या तिनं, एका फेरीत ओळखलं होतं.

"मानसं कुटं गेली समदी?" तिनं विचारलं. "चूल न्हाय कुटं पेटल्याली."

"अजून राहायला यायचीत, आत्ती," माझ्या तोंडून गेलं. "तुझं घर कुठं घालूया?"

तिनं खूप वेळ घेतला. मी बटण दाबून तिला फिरवत राहिले. शेवटी चौकाच्या वरच्या अंगाला, जिथून दोन्ही वाटा दिसतात, तिथं तिनं टाच आपटली. "हितं." मी घर टाकलं. शेजारची दोन घरं जराशी सरकली, एकानं दार फिरवलं, वाटेनं थोडा वळसा घेतला, आणि सगळं पुन्हा स्थिर झालं. गावानं तिला जागा करून दिली होती. भिंतीवर ते बघताना तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले.

अण्णांना ज्या क्षणाची भीती होती तो आला तसा गेला. आत्तीनं स्वतःच चष्मा वर सारला, हॉलकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग हौसाला सांगावा कोन धाडनार?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं अण्णा कोकणात गेले. नोकरीत असताना त्यांनी तो घाट कितीदा उतरला असेल. आमच्या गावची माणसं वसवली त्या वसाहतीच्या फाट्यावर गाडी थांबायची, माणसं चढायची-उतरायची, आणि अण्णा स्टिअरिंग धरून समोर बघत राहायचे. एकदाही खाली उतरले नव्हते. "काय बोलायचं होतं त्यांच्याशी?" असं ते मला नंतर म्हणाले. या वेळी उतरले. दोन दिवसांनी परत आले ते दाढी वाढलेली, आवाज बसलेला, आणि इतकं बोलत होते की आईनं त्यांना जेवू घालायला तीनदा ताट पुढं सरकवलं. हौसा होती. तिला ऐकू कमी येत होतं, गुडघे गेले होते, पण होती.

पुढच्या महिन्यात ती सगळी आली. एक मिनीबस करून, सोबत नातवंडं घेऊन, सुकट आणि कोकमं घेऊन. मी पुन्हा हॉलमध्ये सगळं मांडून ठेवलं होतं. भिंतीवर गाव लावून ठेवलं होतं. कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, पुरुष नुसते उभे होते, कोण कुणाचा ते विचारत होते. हौसाआजीला दोघांनी धरून आत आणलं. आत्ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला नाव आठवेना, ओठ नुसते हलत होते.

"अनू?" हौसाआजी मोठ्यांदा म्हणाली.

आत्तीनं तिचा पंजा उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी एक जुना व्रण होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "माजाच इळा लागला हुता." आणि दोघी तिथंच खाली बसल्या.

जेवणं झाल्यावर मग एकेकानं चष्मा लावला. घरं उभी राहत गेली. हौसाआजीनं आत्तीच्या मागं घर घातलं, आणि पागोळीवरून दोघींची तिथंच एक खडाजंगी झाली. तात्यांनी देवळाला जागा दाखवली, ओढ्याच्या पल्याड, आणि कोकणातल्या दोघांनी ती मान्य केली. गाव सरकत होतं, वाटा वळत होत्या, मोकळी जागा मोठी होत होती. कुणी सांगत नव्हतं आणि तरी सगळं जागच्या जागी बसत होतं. मी कॉम्प्युटरशी बसून होते, पण माझं काही काम उरलं नव्हतं.

आत्तीचं विसरणं त्यानंतरही थांबलं नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी ती गेली तोवर आम्हा सगळ्यांची नावं तिच्यातून पुसली गेली होती. पण दाराची कडी अण्णांनी काढून टाकली आणि ती पुन्हा लागली नाही. ती फाट्यावर गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "घावलं की."

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचंच, अगदी शेवटचं. मिनीबसवाला घाई करायला लागला होता. मी आवरायला उठले तेव्हा अण्णा म्हणाले, "मला लाव."

त्यांनी अजून घर घातलं नव्हतं. मी चष्मा बांधला. "कुठं घालू?" विचारलं.

"घर नको. खाली ने."

मी बटण दाबत राहिले. भिंतीवरून घरं मागे जात राहिली, चौक गेला, शेवटची ओसरी गेली.

"आणखी खाली."

त्यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते. काही केलंच नव्हतं तिथं. नुसता उतार होता. आणि त्या उताराच्या तळाशी पाणी चमकत होतं.

कितीतरी दिवस मी या गावावर पाऊस पाडत होते, पागोळ्या बघायच्या म्हणून. ते सगळं पाणी त्याला सांगितल्याप्रमाणे खोल तिकडे गेलं होतं. गाव मनातलं होतं, पण जमीन खरी होती. आणि खऱ्या जमिनीवरून पाण्याला जायला एकच वाट होती. ते डोंगराच्या सोंडेला वळसा घालून आलं होतं, एका जागी रुंद होऊन संथ झालं होतं आणि पुन्हा निमुळतं होऊन पुढे निघून गेलं होतं. ती नदी मी काढली नव्हती.

"आरं," धोंडीतात्या मागून म्हणाले, "ही तर आपली नदी."

धरणाच्या अथांग पाण्याखाली गावाबरोबर नदीही बुडाली होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. हॉलमध्ये एकेक आवाज थांबत गेला. दारात चपला घालत असलेली माणसं तशीच परत फिरली. भिंतीवर ती वाहत होती, तिच्या वळणांनी, जशी होती तशी.

अण्णा गुडघ्यांवर बसले. "इथं आई धुणं धुवायची," ते म्हणाले. "काळा खडक होता एक, सपाट."

आजीचा फोटो आमच्याकडे नाही. अण्णांनी तिच्याबद्दल बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"खडक टाकू का तिथं?" मी विचारलं.

"नको. हाय तो." त्यांनी हात पुढे केला, हॉलच्या फरशीवर टेकवला आणि तसाच ठेवला. मग आणखी थोडे पुढे सरकले, कडेला.

मागून आत्तीचा आवाज आला. हौसाआजीचा हात हातात धरून ती भिंतीकडे बघत होती.

"किसन्या, फार म्होरं जाऊ नगं रं. डोह हाय तितं."

आणि अण्णा डोळ्यांवरचा चष्मा न काढता, बसल्या बसल्या, हातभर मागं सरकले.